गॅट्स्बीचा दिवा आणि विली स्टार्कचे रुग्णालय

मंडळाच्या गेल्या वर्षीच्या वाचनसत्रात एका तरुण सभासदाने स्कॉट फिट्झजेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्स्बी' या कादंबरीवर निबंध वाचला. निबंध मेहनतीने लिहिलेला होता. नंतरच्या चर्चेत प्रस्तुत लेखकाने रॉबर्ट पेन वॉरनच्या 'ऑल द किंग्ज मेन'चा उल्लेख केला आणि या दोन्ही कादंबऱ्यांचे नायक एकाच कुळातले आहेत असे विधान केले. तेव्हा आमचे एक ज्येष्ठ प्राध्यापक हसून म्हणाले, "अहो, गॅट्स्बी हा स्वप्नासाठी मेलेला माणूस, आणि तुमचा विली स्टार्क म्हणजे एक भ्रष्ट पुढारी. कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभट्टाची तट्टाणी!" सभा हसली, मीही हसलो. उभ्या सेवाकाळात बैठकीत उत्तर न देता मागाहून टिपणी सादर करण्याची सवय जडलेली. ती टिपणी आता सादर करीत आहे.

'गॅट्स्बी' १० एप्रिल १९२५ रोजी न्यूयॉर्कला प्रसिद्ध झाली. लेखकाच्या अपेक्षेच्या मानाने ती खपली नाही. फिट्झजेराल्ड डिसेंबर १९४० मध्ये वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी हॉलिवूडमध्ये वारला, तेव्हा वाचकांनी आपल्याला विसरून टाकले आहे अशीच त्याची भावना होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांसाठी स्वस्त, खिशात मावणाऱ्या पुस्तकांची जी योजना निघाली, तिच्यात या कादंबरीच्या सुमारे १,५५,००० प्रती वाटल्या गेल्या आणि मेलेले पुस्तक जिवंत झाले. २०१३ च्या चित्रपटात अमिताभ बच्चन यांनी जुगारी मायर वुल्फशाइमची छोटी भूमिका केली. आमच्या घरातल्या पुढच्या पिढीला गॅट्स्बी हे नाव कळले ते त्यामुळे. 'ऑल द किंग्ज मेन' १९४६ ची. तिला १९४७ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि तिच्यावरच्या १९४९ च्या चित्रपटाला ऑस्कर. एवढे असूनही आपल्याकडे ती फारशी वाचली जात नाही. एक तर ती जाडजूड आहे, आणि दुसरे म्हणजे राजकारणावरची कादंबरी म्हटली की आपण ती वर्तमानपत्राच्या शेल्फवर ठेवून मोकळे होतो.

मी 'गॅट्स्बी' वाचली ती १९७९ मध्ये, बी.ए.च्या वर्गात. वयाच्या विसाव्या वर्षी ती वाचणे म्हणजे काय, हे ज्यांनी वाचली आहे त्यांना सांगायला नको. नॉर्थ डकोटातल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा जेम्स गॅट्झ. सतराव्या वर्षी सुपीरियर सरोवरावर एका धनाढ्य माणसाची नौका दिसते आणि हा पोरगा त्या क्षणी स्वतःचे नाव बदलून जे गॅट्स्बी होतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, लुइव्हिल गावी त्याला डेझी भेटते. तो युद्धावर जातो, ती टॉम ब्युकॅनन नावाच्या गडगंज माणसाशी लग्न करते. पाच वर्षांनी, १९२२ च्या उन्हाळ्यात, गॅट्स्बीने न्यूयॉर्कजवळ खाडीकाठी एक महाल घेतलेला आहे, केवळ पलीकडच्या तीरावर तिचे घर आहे म्हणून. तिच्या धक्क्याच्या टोकाशी रात्री एक हिरवा दिवा जळतो. हा त्या दिव्याकडे पाहत अंधारात उभा राहतो.

विसाव्या वर्षी मला तो दिवा तेवढा दिसला. पैसा कुठून आला, हे दिसले नाही. खरे म्हणजे फिट्झजेराल्ड ते दाखवतच नाही. १९२० पासून अमेरिकेत दारूबंदी होती; गॅट्स्बी औषधांच्या दुकानांतून चोरटी दारू विकतो, बनावट रोख्यांचा काही व्यवहार करतो, असे आपल्याला टॉमच्या तोंडून किंवा एखाद्या फोनवरच्या अर्धवट संभाषणातून कळते. या पैशापायी कोण बुडाले, कोणाचा संसार उधळला, याचे एकही दृश्य कादंबरीत नाही. गॅट्स्बीचा गुन्हा पडद्याआड आणि स्वप्न मात्र रंगमंचावर, अशी ही मांडणी आहे. आपण त्याला इतक्या सहज क्षमा करतो त्याचे अर्धे श्रेय या प्रकाशयोजनेला दिले पाहिजे.

उरलेले अर्धे श्रेय त्याच्या निरागसपणाचे. कादंबरीच्या शेवटी गॅट्स्बीचा म्हातारा बाप येतो आणि मुलाच्या लहानपणच्या एका पुस्तकाच्या कोऱ्या पानावर त्याने आखलेली दिनचर्या दाखवतो. पहाटे उठणे, व्यायाम, विजेचा अभ्यास, वक्तृत्वाचा सराव, पैसे शिल्लक टाकणे. आणि यादीच्या शेवटी, आईवडिलांशी अधिक बरे वागण्याचा संकल्प. आपल्या घराघरांत अशा याद्या भिंतीवर चिकटवलेल्या असत. ज्या मुलाने ती यादी केली त्याचे पुढे काय झाले हे ठाऊक असल्यामुळे ते पान वाचताना आवंढा येतो. मलाही येतो, आजही.

परंतु गॅट्स्बीचे स्वप्न नेमके काय मागते, ते प्लाझा हॉटेलच्या प्रसंगात पाहावे. उकाड्याची दुपार आहे. डेझी, तिचा नवरा, गॅट्स्बी आणि निवेदक निक कॅरवे एका खोलीत बसले आहेत. डेझी गॅट्स्बीवर आपले प्रेम आहे असे कबूल करते. कोणाही प्रियकराला एवढे पुरले असते. गॅट्स्बीला पुरत नाही. आपण टॉमवर कधीच प्रेम केले नव्हते, असे तिने म्हणावे हा त्याचा आग्रह आहे. पाच वर्षे, एक लग्न, एक तीन वर्षांची मुलगी, हे सगळे खोडरबराने पुसून दाखव, असा. ते डेझीला जमत नाही, कारण ते खरे नाही, आणि ती त्या क्षणापासून त्याच्यापासून दूर सरकते. डेझी उथळ आहे, भेकड आहे, हे सर्व टीकाकार सांगतात. त्या खोलीत तिने एक खरे वाक्य उच्चारले आणि त्याच वाक्याने गॅट्स्बीचा स्वप्नभंग झाला, याकडे मात्र कमी लोकांचे लक्ष गेले आहे. ज्या आदर्शाला दुसऱ्या माणसाचे सगळे आयुष्य खोटे ठरवल्याखेरीज जगता येत नाही, त्या आदर्शात कुठेतरी हिंसा आहे.

आता विलीकडे वळतो. आमच्या प्राध्यापकांनी त्याला भ्रष्ट पुढारी म्हटले, ते बरोबरच आहे. गव्हर्नर झाल्यावर तो धमक्या देतो, लाच देतो, विरोधकांची जुनी प्रकरणे उकरून काढतो. पण तो सुरुवातीला कोण होता? अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका खेडवळ काउंटीचा खजिनदार. शेतावर राबून रात्री दिव्याखाली कायदा शिकलेला, दारूला न शिवणारा. शाळेच्या इमारतीची निविदा निघते. कमी दराच्या निविदा डावलून काउंटीचे कारभारी आपल्या माणसाला काम देतात, कारण विटा त्यांच्यापैकी एकाच्या नातलगाच्या भट्टीतून येणार आहेत. विली एकटा विरोध करतो. कमी दराचा कंत्राटदार कृष्णवर्णी कारागीर आणून गोऱ्यांची मजुरी बुडवील, अशी आवई उठवून लोकांना त्याच्याविरुद्ध फिरवले जाते. त्याचे पद जाते आणि त्याच्या बायकोची, लूसीची, शिक्षिकेची नोकरीही जाते. दोन-एक वर्षांनी शाळेत आगीच्या वेळी बाहेर पडण्याची कवायत चालू असताना, मुलांनी भरलेला लोखंडी जिना त्या पोचट विटांच्या भिंतीतून उखडतो. तीन मुले जागीच मरतात, कितीतरी जायबंदी होतात. त्यांच्या अंत्यविधीला एक बाप रडत म्हणतो की प्रामाणिक माणसाविरुद्ध मत दिल्याची ही मला शिक्षा आहे. विलीचे नाव राज्यभर होते.

ज्याने आयुष्यात निविदांचे तुलनात्मक तक्ते तपासले आहेत त्याला हे प्रकरण कादंबरी म्हणून वाचताच येत नाही. मी १९८८ मध्ये, नोकरीत असताना, पदपथावरच्या जुन्या पुस्तकांतून ही प्रत घेतली होती. हे प्रकरण वाचून झाल्यावर पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. दिवसा हिंदीत नस्ती चालवायची, रात्री इंग्रजी वाचायचे आणि घरात मराठी बोलायचे, अशा आमच्या तीन-पदरी आयुष्यात हे तिन्ही पदर एका जागी येण्याचा योग क्वचित येतो. तो त्या रात्री आला.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. शहरातले धूर्त लोक खेड्यातली मते फोडण्यासाठी विलीला गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत बाहुले म्हणून उभे करतात. त्याला वाटते आपल्याला खरोखर बोलावले आहे. गावोगाव तो करांचे आणि रस्त्यांचे आकडे वाचून दाखवतो. लोक जांभया देतात. आपण बाहुले आहोत हे ज्या रात्री कळते त्या रात्री तो आयुष्यात पहिल्यांदा झिंगेपर्यंत पितो, आणि दुसऱ्या दिवशी हातातले भाषण फेकून देऊन आपण कसे फसवले गेलो हे शेतकऱ्यांना त्यांच्याच बोलीत सांगतो. तेथून जो विली उठतो तो वेगळा. त्याला एक तत्त्वज्ञान सापडलेले असते. त्याचा आशय असा : चांगुलपणा आयता मिळत नाही, तो घडवावा लागतो, आणि तो वाईटातूनच घडवावा लागतो, कारण दुसरा कच्चा माल उपलब्धच नाही.

विलीच्या मागे लुइझियानाचे ह्यूई लाँग उभे आहेत हे सर्वश्रुत आहे. लाँग १९२८ ते १९३२ गव्हर्नर होते, पुढे सिनेटर. शाळकरी मुलांना त्यांनी मोफत पुस्तके दिली, चिखलाच्या राज्यात पक्के रस्ते आणि पूल बांधले, विद्यापीठ वाढवले. आणि विधिमंडळ, पोलीस, नोकरभरती सगळे मुठीत घेतले. १९२९ मध्ये त्यांच्यावर महाभियोग आला आणि फसला. ८ सप्टेंबर १९३५ रोजी बॅटन रूजच्या विधानभवनात एका डॉक्टरने त्यांच्यावर गोळी झाडली आणि दोन दिवसांनी ते वारले. वॉरन १९३४ पासून त्याच गावी, लाँग यांनी वाढवलेल्या विद्यापीठात शिकवत होते. म्हणजे ज्या पैशाबद्दल त्यांना प्रश्न पडला होता त्याच पैशातून त्यांचा पगार होत होता. विली म्हणजे लाँग नव्हेत, असे वॉरन यांनी वारंवार सांगितले. ते मान्य करूनही, हा प्रश्न त्यांना दुरून पाहून सुचलेला नव्हता एवढे म्हणता येईल.

आता मुख्य मुद्दा. विलीला एक रुग्णालय बांधायचे आहे. साठ लाख डॉलरचे, राज्यातल्या कोणाही गरिबाला मोफत उपचार देणारे. टायनी डफी नावाचा त्याचा हस्तक सुचवतो की हे काम गमी लार्सन या कंत्राटदाराला द्यावे. लार्सन विरोधी गटाचा आधारस्तंभ आहे, तो आपल्याकडे आला की विरोधक कोसळतील. विलीच्या स्वतःच्या तत्त्वज्ञानाप्रमाणे यात गैर काही नाही. आजवर रस्ते असेच झाले, शाळा अशाच झाल्या. पण रुग्णालयाचे नाव निघताच विली संतापतो. या एका कामाला कोणी हात लावायचा नाही. तेथे वीट न् वीट चोख लागेल, पैसा खाल्ला जाणार नाही, आणि संचालक म्हणून तो राज्यातला सर्वांत सचोटीचा शल्यचिकित्सक, अ‍ॅडम स्टँटन, हवा. जो विलीचा तिरस्कार करतो.

हे का? चांगले हे वाईटातूनच घडते असे म्हणणाऱ्या माणसाला एक गोष्ट निखळ चांगल्यातून घडवावीशी का वाटावी? कादंबरी याचे सरळ उत्तर देत नाही. मला वाटते, उखडलेल्या जिन्याची ती शाळा विलीने मनातून कधी पुसलीच नव्हती. रुग्णालय म्हणजे तीच निविदा पुन्हा काढणे होय. या वेळी योग्य माणसाला काम मिळेल, या वेळी वीट पक्की लागेल. मग लक्षात येते की गॅट्स्बी ज्या वेडाने लुइव्हिलचा तो महिना परत आणू पाहतो, त्याच वेडाने विली मेसन काउंटीचा तो दिवस परत आणू पाहतो आहे. दोघांनाही भूतकाळ दुरुस्त करून हवा आहे. फरक एवढाच की गॅट्स्बीच्या दुरुस्तीत एक स्त्री पुसावी लागते, आणि विलीच्या दुरुस्तीतून एक इमारत उभी राहणार असते जिच्या दारात कोणीही आजारी माणूस येऊ शकला असता.

आणि दोघेही मरतात ते या निर्मळ गोष्टीपायीच. गॅट्स्बीची गाडी डेझी चालवत असताना तिच्याखाली मर्टल विल्सन ही स्त्री सापडून मरते. गॅट्स्बी दोष स्वतःवर घेतो. त्या रात्री तो डेझीच्या घराबाहेर पहारा देत उभा असतो, नवऱ्याने तिला त्रास दिला तर धावून जाता यावे म्हणून. निक खिडकीतून पाहतो तर नवरा-बायको स्वयंपाकघरात समोरासमोर बसून एकविचाराने काही ठरवताहेत. पहाऱ्याचे कारणच उरलेले नाही, आणि पहारेकरी तिथून हलत नाही. दुसऱ्या दिवशी मर्टलचा नवरा येऊन त्याला गोळी घालतो. चोरट्या दारूबद्दल, बनावट रोख्यांबद्दल गॅट्स्बीला कधीच शिक्षा होत नाही. शिक्षा होते ती त्याने केलेल्या एकमेव उदार कृत्याबद्दल.

विलीचेही तसेच. मुलगा टॉम याच्या एका भानगडीवरून विरोधक त्याला कोंडीत पकडतात आणि नाइलाजाने विली ते कंत्राट लार्सनला देतो. पुढे फुटबॉलच्या मैदानावर टॉमच्या मणक्याला इजा होते आणि तो लुळा होऊन पडतो. रुग्णालयाला मुलाचे नाव द्यावे असे विली म्हणतो. लूसी नको म्हणते, कारण तिच्या लेखी इमारतीवरच्या नावाने काही भरून येत नाही. यानंतर विली डफीला बोलावतो आणि कंत्राट रद्द करतो. जी वळणे लागली होती ती सरळ करायची, असा त्याचा निश्चय दिसतो. दुखावलेला डफी अ‍ॅडमला फोन करून सांगतो की तुझ्या बहिणीचे विलीशी संबंध आहेत आणि म्हणूनच तुला संचालकपद मिळाले. भिजलेला, बेभान अ‍ॅडम विधानभवनात येऊन विलीला गोळ्या घालतो. ज्या दिवशी विली आपल्या तत्त्वज्ञानाशी बेइमान होऊन आपल्या आदर्शाशी प्रामाणिक राहिला, त्याच दिवसाने त्याचा घात केला. तो लार्सनचे कंत्राट चालू ठेवता तर जगला असता.

येथपर्यंत दोघे जोडीने चालतात. पुढे मात्र मला विली मोठा वाटतो, आणि त्याचे कारण निवेदकांत आहे.

निक कॅरवे हा रोखे विकणारा सुशिक्षित तरुण. आपण कोणाविषयी घाईने मत बनवत नाही आणि आपण प्रामाणिक आहोत, असे तो स्वतःच सांगतो. पण डेझी-गॅट्स्बीची भेट त्याच्याच बंगलीत त्यानेच घडवलेली असते; गाडी कोण चालवत होते हे त्याला ठाऊक असते आणि टॉम समोर उभा असतानाही तो ते सांगत नाही. शेवटी तो टॉमशी हस्तांदोलन करतो आणि आपल्या गावी निघून जातो. त्याला किंमत मोजावी लागत नाही. त्याच्याइतके सुंदर गद्य जॅक बर्डनला लिहिता येत नाही, हेही तितकेच खरे. वॉरनच्या कादंबरीत तत्त्वचिंतन इतके साचते की शंभरेक पाने सहज कमी करता आली असती. फिट्झजेराल्डने एक वाक्य जास्त लिहिलेले नाही.

जॅक बर्डन हा इतिहासाचा अर्धवट सोडलेला संशोधक, विलीचा खास माणूस. त्याचे काम कागदपत्रे धुंडाळणे. न्यायमूर्ती अर्विन हे जॅकला लहानपणापासून पुत्रवत वागवणारे, निष्कलंक म्हणून ख्यातनाम गृहस्थ. विलीला त्यांचे काहीतरी हवे आहे. प्रत्येकाचे काही ना काही असतेच, अशी विलीची खात्री. जॅक महिनोन् महिने जुनी दप्तरे चाळतो आणि शेवटी सापडते : पूर्वी राज्याचे महाधिवक्ता असताना अर्विननी एका कंपनीकडून मोबदला घेतला होता, आणि त्या व्यवहारात नोकरी गमावलेल्या एका सामान्य माणसाने आत्महत्या केली होती. जॅक तो कागद अर्विनसमोर ठेवतो. तुला थांबवता येईल असे काही मी सांगू शकतो, असे म्हातारा सुचवतो, पण सांगत नाही. जॅक गेल्यावर तो स्वतःला गोळी घालून घेतो. मग जॅकच्या आईच्या किंकाळीतून कळते की अर्विन जॅकचा बाप होता.

या जागी मला माझ्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. नव्वदच्या दशकात एका जिल्ह्यात असताना एका रस्त्याचे काम अडले होते. आखणी बदलावी म्हणून एका निवृत्त अभियंत्याने हरकत घेतली होती. माणूस सरळ, गावात मान असलेला. हरकतीतही तथ्य होते, पण ती मान्य केली असती तर काम दोन पावसाळे लांबले असते. वरून मला तोंडी सांगण्यात आले की यांच्या काळातल्या जुन्या नस्त्या एकदा नजरेखालून घाला. घातल्या. वीस वर्षांपूर्वीचे एक देयक सापडले. मोजमाप पुस्तकात नोंद होण्याआधीच रक्कम अदा झाली होती. पावसाळ्याच्या तोंडावर मजूर जाऊ नयेत म्हणून त्यांनी ते केले असावे, एक पैसाही खाल्ला नसावा. मी टिपणीत फक्त घटना लिहिली. मत लिहिले नाही. ती टिपणी त्यांना कोणीतरी दाखवली. हरकत मागे घेतली गेली. गणेशोत्सवातल्या व्याख्यानांना पहिल्या रांगेत बसणारे ते गृहस्थ त्या वर्षी आले नाहीत, आणि पुढे मुलाकडे परगावी राहायला गेले.

रस्ता झाला. चांगला झाला. त्या भागातल्या बाळंतिणी आता वेळेवर दवाखान्यात पोचतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मी फक्त खरे तेच शोधून काढले, हा जॅकचा बचाव मला शब्दशः पाठ आहे. वॉरन तो बचाव चालू देत नाही, आणि जॅकला आत्मधिक्कारात बुडवून मोकळाही करत नाही. अर्विनने आत्महत्या का केली असे आई विचारते तेव्हा जॅक खोटे बोलतो. प्रकृतीचे कारण सांगतो. विलीचा अंगरक्षक खऱ्या गुन्हेगाराचे नाव मागतो तेव्हा, एका शब्दाने डफीचा मुडदा पडेल हे ठाऊक असून, जॅक गप्प बसतो. आयुष्यभर खरे शोधून विकणाऱ्या माणसाने केलेली ही दोन मौने आहेत. निकच्या मौनाशेजारी ती ठेवून पाहावीत. निकच्या मौनाने डेझी वाचते आणि गॅट्स्बी बदनाम राहतो. जॅकच्या मौनाने जॅकच्या हातून होणारा आणखी एक खून टळतो. आपल्याकडे अरुण साधूंच्या 'सिंहासन'मधला पत्रकार दिगू टिपणीस असाच सत्तेच्या दालनात वावरतो, पण तो पाहणाराच राहतो. जॅक करणारा आहे. म्हणून त्याला विलीला वाईट म्हणून हात झटकता येत नाहीत, आणि वाचकालाही.

गॅट्स्बीच्या अंत्ययात्रेला पाऊस पडत असतो. मेजवान्यांना शेकड्यांनी येणाऱ्यांपैकी एक चष्मेवाला पाहुणा तेवढा येतो. बाकी निक, बाप, नोकर आणि पोस्टमन. विलीच्या अंत्यविधीला खेड्यापाड्यांतून माणसांचे लोंढे येतात. गर्दीवरून माणसाची किंमत ठरत नाही हे खरे. ह्यूई लाँगलाही गर्दी होतीच. पण त्या लोंढ्यातल्या माणसांना विलीकडून काहीतरी मिळाले होते, आणि ते देताना विलीने त्यांच्याकडून काय काढून घेतले याचा हिशेब वॉरनने त्याच पुस्तकात मांडून ठेवला आहे. गॅट्स्बीच्या पुस्तकात असा हिशेब मांडायला जागाच नाही. राखेच्या ढिगाऱ्यांशेजारी राहणारी मर्टल आणि तिचा नवरा, ज्यांचा या स्वप्नापायी बळी जातो, त्यांच्याकडे परत वळून कोणी पाहत नाही.

कादंबरीच्या पूर्वार्धात ह्यू मिलर नावाचे महाधिवक्ते आहेत. एका लाचखोर लेखापरीक्षकाला विली पाठीशी घालतो तेव्हा ते शांतपणे राजीनामा देऊन घरी जातात. विली त्यांना सांगतो की तुम्हाला विटा हव्यात, पण चिखलात हात घालणारे मात्र कोणीतरी दुसरे हवे. शेकडो पाने हा माणूस दिसत नाही. अगदी शेवटी कळते की मिलर पुन्हा राजकारणात उतरणार आहेत आणि जॅक त्यांच्यासोबत जाण्याच्या विचारात आहे. ते यशस्वी होतील की काय, वॉरन सांगत नाही. मला दर वेळी तेथे थांबून वाटते की मिलरना पहिल्याच वर्षी एखादी निविदा मंजूर करावी लागेल, आणि तेव्हा ते काय करतील.

आमच्या प्राध्यापकांनी सत्र संपल्यावर माझी प्रत वाचायला म्हणून नेली. दोनदा विचारले. अजून निम्मीच झाली आहे म्हणतात.